मधलीनं बँक सोडली

वहिनींच्या मधलीनं बँकेचा राजीनामा दिला ही बातमी कोपऱ्यावरच्या काकूंना माझ्याआधी कळली, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आमच्या दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे, तिच्यावर वहिनींचा कढीपत्ता ओणवलेला. त्या कढीपत्त्याखाली उभं राहून आम्ही कोल्हापूरच्या टाकाळ्यातल्या निम्म्या घरांची लग्नं जमवली आणि उरलेल्यांची मोडली. आणि स्वतःच्या घरातली एवढी मोठी गोष्ट वहिनींनी पोटात ठेवावी? मी निवडायच्या निमित्तानं कोथिंबिरीची पेंडी घेतली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिले.

"काय वहिनी, मधली आज घरी?"

"रजेवर हाय."

"अस्सं. काकू म्हणत होत्या, रजा जरा लांबलचक आहे."

वहिनींनी नळ बंद केला. "त्या काकूंच्या तोंडाला झाकण कुठलं! दिला बाई, राजीनामा दिला. पर्मनंट नोकरी, पी.एफ., दुपारी जेवायला घरी येता येतंय एवढ्या अंतरावर शाखा. आता म्हणती, मी डिझायनर होणार."

"कपड्यांची?"

"कपड्यांची असती तर मी पेढे वाटले असते की." वहिनींनी इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला. "चपलांची."

खरं सांगते, मी दचकायला हवं होतं, पण दचकले नाही. मी शाळेत शिकवायचे आणि मधली माझ्या वर्गात होती. शाळेचे नवे काळे बूट टाचेला चावतात म्हणून या पोरीनं बुटाची मागची कड ब्लेडनं कापून आत जुन्या टॉवेलची पट्टी शिवली होती, आणि ती एवढी नीट की शेजारच्या बाकावरची मुलगीही तिच्याकडून शिवून घ्यायला लागली. हळदीकुंकवाला वहिनींच्या घरी बायका आत ओटी भरून घेत असायच्या आणि ही दारातल्या चपलांच्या ढिगात बसलेली. जोड्या लावायची, उलट्या करून तळ बघायची. "काकूंची डावी टाच बाहेरच्या अंगानं झिजलीय, त्यांचा गुडघा दुखतोय," असं एकदा तिनं भर बायकांत जाहीर केलं होतं. काकूंनी तेव्हापासून तिच्यावर डूख धरलाय. गुडघा मात्र पुढच्याच वर्षी निघाला.

"तुम्ही तिला तेव्हाच रागवायला पाहिजे होतं, बाई," वहिनी म्हणाल्या.

"मी? तुम्ही आई."

"तुम्ही मास्तरीण."

हा वाद आम्ही दर महिन्याला एकदा घालतो, विषय तेवढा बदलतो.

वहिनींचं दुखणं निराळंच होतं. पोरीचं लग्न अजून ठरायचंय आणि स्थळवाल्यांना 'बँकेत आहे' म्हटलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप गळतात. आता काय सांगायचं? काकूंनी तर परवा किराणा दुकानात विचारलं म्हणे, "आपल्यात कुणी करतं का हो हे?" एवढं बोलून त्या थांबल्या. काय म्हणायचं होतं ते दुकानातल्या सगळ्यांना कळलं. कोल्हापुरी चप्पल घालून मिरवायला आपल्याला अभिमान वाटतो, पाव्हण्याला द्यायला चप्पल लाइनीतून डब्यात भरून आणतो, पण ती करणाऱ्याच्या शेजारी बसून हात घाण करायचे म्हटलं की आपली जात चटकन जागी होते. काकूंनी ते बोलून दाखवलं. बाकीच्यांनी नुसतं ऐकून घेतलं, आणि आता मीही.

तेवढ्यात व्हरांड्यातून आमचे हे पेपराआडून ओरडले, "त्यांना प्राडाबाईचं सांग की!"

ह्यांना मागच्या वर्षीपासून प्राडाचं वेड लागलंय. जून २०२५ मध्ये मिलान शहरात प्राडा या फॅशन कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचा शो केला आणि मॉडेलांच्या पायांत आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल. नाव दिलं नुसतं 'लेदर सँडल'. कोल्हापूर पेटलं. आमच्या गल्लीत तर ज्यांनी वर्षानुवर्षं रबरी स्लिपरशिवाय काही घातलं नाही, तेसुद्धा अस्मितेवर बोलायला लागले. शेवटी कंपनीनं कबूल केलं की ही प्रेरणा भारतातल्या हातानं केलेल्या चपलेची, आणि जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटूनही गेली. त्या धामधुमीत ह्यांनी प्राडाच्या घराण्याची अशी कुंडली काढली की लग्न जुळवणाऱ्यांनी शिकावं.

"वहिनी, ती मिउच्चा प्राडा आहे ना," मी म्हटलं, "ती राज्यशास्त्रात पीएच.डी. आहे. आणि त्याशिवाय मिलानच्या एका मोठ्या नाट्यगृहात मूकाभिनय शिकत होती. कम्युनिस्ट पक्षातसुद्धा होती म्हणे तरुणपणी."

"मूक म्हंजे ते हातवारे करायचं?"

"तेच. मग १९७८ च्या सुमाराला घरचा चामड्याच्या बॅगांचा धंदा अंगावर घेतला. आणि चामड्याच्या दुकानात बसून तिनं गाजवली काय, तर काळ्या नायलॉनची बॅग!"

"आणि त्यांच्याबरोबरचा तो राफ सिमन्स," हे पेपर खाली करून म्हणाले, "२०२० पासून दोघं मिळून करतात सगळं. तो बेल्जियमचा. शिकला इंडस्ट्रियल डिझाइन, आधी टेबलं-खुर्च्या करत होता. कपडे शिवायचं शिक्षण त्याचं काही नाही. आणि बाईंचा मुलगा, ज्यानं आपल्या लोकांना पत्राचं उत्तर दिलं, तो आधी रॅलीत गाड्या पळवायचा!"

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्या बाईच्या आजोबाचं दुकान १९१३ पासनं होतं, असं तुम्हीच मागं सांगितलंत. मूकाभिनय करून पोट भरलं नसतं तरी बॅगा होत्याच. आमच्या पोरीचा आजोबा तलाठी होता."

ह्यांनी पेपर परत वर केला. वहिनींचं हे असं असतं. आपण खूप दूरवरून काहीतरी आणावं आणि त्यांनी त्याची किंमत एका वाक्यात लावावी. आणि लावलेली किंमत बरोबर असते. आवडीच्या मागं जाणाऱ्यांच्या गोष्टी सांगताना मागं कुणाचं दुकान होतं, कुणाचा पगार चालू होता, हे सांगायचं आपण सोयीनं विसरतो.

म्हणून मी जवळचं उदाहरण काढलं. "मग आपल्या भानुमती राजोपाध्येचं काय? तिच्यामागं कुठलं दुकान होतं?"

"कोण राजोपाध्ये?"

"अहो, भानू अथय्या! कोल्हापूरची. गांधी पिक्चरच्या कपड्यांना १९८३ साली ऑस्कर मिळालं ती. पहिलं भारतीय ऑस्कर."

वहिनींचा चेहरा जरा उजळला. कोल्हापूरच्या बाईला ऑस्करचं सांगितलं की वाद निम्मा संपतो. भानूताईंचे वडील चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमांच्या कामातले, आणि ते लवकर गेले. ही पोरगी मुंबईला जाऊन जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली होती, म्हणजे हुसेन-गायतोंडे यांच्या पंगतीला बसलेली. तिथं राहिली असती तर आज ती चित्रकार म्हणूनच ओळखली गेली असती. पण घरखर्चासाठी तिनं बायकांच्या इंग्रजी मासिकांत फॅशनची रेखाटनं करायला घेतली. मग संपादकबाईंनी बुटीक काढलं आणि म्हणाल्या, कागदावर काढतेस ते कापडात करून दाखव. करून दाखवलं, तर गिऱ्हाइकांत सिनेनट्या. तिथून १९५६ चा 'सी.आय.डी.', आणि मग मागं वळणं नाहीच.

मला यातलं काय आवडतं ते सांगू? तिनं एका रात्रीत काही सोडलं नाही. मासिकात होती तेव्हा चित्रं चालू, बुटिकात होती तेव्हा मासिक चालू. प्रत्येक दार उघडताना मागचं दार नुसतं लोटलेलं. आणि जे. जे. मधलं शिक्षण कुठं वाया गेलं? 'आम्रपाली'साठी तिनं अजिंठ्याच्या भिंती अभ्यासल्या. चित्रकार नसती तर नुसती शिवणकाम करणारी बाई त्या भिंतींत एवढं शोधू शकली असती का, मला शंका आहे.

"आणि ती मुमताजची नारिंगी साडी?" मी विचारलं.

"'ब्रह्मचारी'तली? ती या बाईंची?" वहिनी एकदम तरुण झाल्या. "आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्यातल्या एकीनं तशी नेसायचा घाट घातला होता, बाई. अर्ध्या गाण्यात सगळी सुटली."

"कारण ती नेसलेली नव्हती, आधीच शिवलेली होती. नाचता यावं म्हणून."

"हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिची लाज वाचली असती की."

आम्ही दोघी हसत होतो तेवढ्यात मधली बाहेर आली. हातात पुठ्ठ्याचे कापलेले तुकडे, बोटाला पट्टी. मला वाटलं होतं, ही आता उद्याच्या स्वप्नांचं भाषण देणार. ती म्हणाली, "बाई, तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं हाड बाहेर आलंय ना? मला आत येऊन बघू द्या."

गावात कुणाला ठाऊक नव्हत्या अशा कितीतरी गोष्टी हिनं गुपचूप केल्या होत्या. वहिनींना वाटत होतं, रविवारी ही मैत्रिणीकडं जाते. ती जायची सुभाषनगरला, एका मावशींच्या घरी. मावशींचे यजमान आणि मुलगा तळ कापतात, शिवतात. मावशी घरात बसून वेणी घालतात, म्हणजे चपलेवरची ती चामड्याची बारीक विणलेली पट्टी. मधली पहिल्यांदा गेली ती जुनी चप्पल दुरुस्त करायला. मग बसायलाच जायला लागली. मावशींनी आधी काही दिवस हातात काही दिलंच नाही, नुसतं बघ म्हणाल्या. मग टाकाऊ वाद्या दिल्या. पोरीची पहिली वेणी बघून त्यांचा नातू म्हणाला, "ही उंदरानं केल्याली दिसतीया."

चामडं कसं येतं, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं पाण्यात का बिघडतं, म्हणून पावसाळ्यात कोल्हापुरी घालू नये असं का म्हणतात, अस्सल जोडात खिळा का नसतो आणि वादीनंच का शिवतात, हे सगळं ती मला भिंतीवर कोपर टेकून सांगत होती. आणि तिला काय करायचंय ते तर ऐकण्यासारखं. नवी नक्षी काढायची नाही, रंगीबेरंगी टिकल्या लावायच्या नाहीत. तिला पायाचं माप बदलायचंय.

"बाई, पन्नाशीनंतर बायकांचा पाय पसरतो," ती म्हणाली. "अंगठा आत वळतो, सूज येते. दुकानात नंबर मिळतो तो लांबीचा, रुंदीचं कोण विचारतंय? मग बायका एक नंबर मोठी घेतात, टाच मागं सरकते आणि पाय मुरगळतो. कोल्हापुरीचे कान थोडे मागं घेतले आणि अंगठ्याची पकड बाहेरच्या अंगाला नेली तर..." तिनं पुठ्ठ्याचा तुकडा माझ्यापुढं धरला. मला त्यात काही कळलं नाही, पण तिच्या हाताला कळत होतं.

"हे सगळं करायला बँक सोडायला पाहिजे होती?" वहिनींनी तेवढ्यात आपलं घोडं दामटलं.

"आई, रविवारी चामडं मिळत नाही, गिऱ्हाईक मिळत नाही. आणि शनिवारी मी कर्जाच्या फाइली बघत असताना लोकांच्या पायांकडं बघायला लागले होते."

मी विचारलं, रीतसर शिकायचं का नाही? आयआयटीचं डिझाइन केंद्र पवईला १९६९ पासून आहे. तिथं जायला सीड नावाची परीक्षा द्यावी लागते आणि तिला वयाची अट नाही, हे मी आमच्या भाच्याच्या वेळी ऐकलेलं. पादत्राणांचं वेगळं सरकारी शिक्षणही मिळतं. मधलीनं या सगळ्याची चौकशी केली होती. बँकेतलीच ती, आधी आकडे मांडणार. दोन वर्षांची फी, मुंबईचं राहणं आणि शून्य पगार, हे तिच्या गणितात बसत नव्हतं. दोन वर्षं मावशींच्या ओसरीवर बसणं बसत होतं. "नंतर गरज वाटली तर देईन परीक्षा," म्हणाली. वहिनींनी लगेच उसासा टाकला, "तेवढी पदवी मिळाली असती तर पत्रिकेवर छापता आली असती."

मग तिनं मला लोट्याची गोष्ट सांगितली. ती मला कुठं वाचल्याचं आठवत नव्हतं, म्हणून मी कान देऊन ऐकली. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकेतलं जोडपं. नवरा वास्तुकलेकडून आलेला, बायको चित्रकार, आणि दोघं गाजले ते खुर्च्यांनी. भारत सरकारनं त्यांना बोलावलं आणि १९५८ साली त्यांनी एक अहवाल लिहून दिला. देशभर फिरून त्यांना सगळ्यात जास्त काय आवडलं असेल, तर आपला लोटा. तो हातात कसा बसतो, कमरेवर कसा राहतो, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कुठं जातो, ओतताना धार कशी पडते, किंमत काय, असे प्रश्नांमागून प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारले. त्या अहवालातून पुढं १९६१ साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

"लोट्यावर?" वहिनी म्हणाल्या. "आमच्या माळ्यावर पाच पडलेत."

"आणि लोटा कुणी केला, त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, आई," मधली म्हणाली.

हे बोलून ती गप्प झाली, आणि मग मावशींचं बोलणं तिनं सांगितलं. राजीनामा दिल्याचं मावशींना सांगायला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, मावशी कौतुक करतील. मावशींनी हातातली वेणी खाली ठेवली नाही. म्हणाल्या, "तुला आवडतंय म्हणून तू आलीस, बया. मला कुणी इचारलंच न्हाई. सात वर्सांची हुते तवा वाद्या हातात आल्या." आणि थोड्या वेळानं, "माझी नात नर्सिंगला जाणार हाय. तिला तू बँकेत लाव म्हणणार हुते मी, तर तूच सोडून आलीस."

यावर मधलीकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडंही नाही. आपल्याकडं नोकरी सोडून आवडीकडं गेलेल्याचे सत्कार होतात, पेपरात फोटो येतो. आणि आवडीनिवडीचा प्रश्नच न विचारता जे लहानपणापासून तेच काम करतात, त्यांच्या लेकराबाळांनी ते काम सोडलं तर आपण हळहळतो, की बघा, कला लोप पावतेय. मावशींच्या नातीनं नर्स व्हावं. मधलीनं चपला कराव्यात. मला तर दोन्ही बरोबर वाटतं, पण या दोन बदलांची किंमत सारखी नाही एवढं मधलीला कळलेलं दिसलं, आणि म्हणूनच तिच्यावर माझा जरा विश्वास बसला.

कारण पुढचं तिनं जे सांगितलं त्यात स्वप्न कमी आणि हिशेब जास्त होता. मावशींना आज जोडामागं मजुरी मिळते आणि दुकानात भाव किती, ते त्यांना कधी कळतही नाही. मधलीनं वहीत दोन रकाने केलेत. नमुना काढायचं काम आणि वेणीचं काम, दोन्हींचा दर आधी ठरवायचा. जोड विकला की मावशींचा हिस्सा त्याच दिवशी. चपलेच्या आतल्या बाजूला दोघींची नावं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे त्यात येतात. तिचं म्हणणं, मानांकन जिल्ह्याचं असलं तरी वेणी माणूस घालतो.

"आणि तोटा झाला तर?" हे व्हरांड्यातून.

"तर दीड वर्षाची शिल्लक आहे, काका. तेवढ्यात जमलं नाही तर पतसंस्थेत अकाउंटंट लागतो नेहमी."

ह्यांना हे उत्तर फार आवडलं. प्राडाचं सगळं विसरून ते उठून भिंतीशी आले.

मला मात्र काकूंची काळजी होती, कारण काकू आमच्या गल्लीचं आकाशवाणी केंद्र आहेत आणि त्यांच्या मनात आलं तर पोरीचं एक गिऱ्हाईक टिकायचं नाही. मी तसं वहिनींना हळूच म्हटलं. वहिनी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "त्या काकू? काल संध्याकाळी मागच्या दारानं आल्या होत्या. म्हणाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापास्नं डावा पाय सुजतोय, काही करता येईल का बघ म्हणावं तिला. पण कुणाला सांगू नका म्हणाल्या."

"आणि तुम्ही मला सांगताय!"

"तुम्हाला सांगितलं म्हंजे कुणाला सांगितलं का?"

मग भिशीच्या बायकांचं निघालं. गेल्या सोमवारी वहिनींनीच तिथं विषय काढला होता म्हणे, चौघींची मापं घेऊन आल्या, आणि दोघींकडून आगाऊ पैसेसुद्धा. पेढ्यांचं आणि पत्रिकेचं दुःख एका बाजूला आणि ब्लाऊजमध्ये खोचलेले आगाऊ पैसे दुसऱ्या बाजूला. मी त्यांच्याकडं बघतच राहिले.

"बघताय काय? पोरगी पैशाचं मागायला लाजती. आईनं मागितलं तर काय बिघडलं?" वहिनींनी मधलीच्या हातातली पेन्सिल घेऊन भिंतीवरून माझ्याकडं सरकवली. "बाई, कोथिंबीर ठेवा खाली. कागद घ्या आणि दोन्ही पाय आखून द्या. सकाळी नको, संध्याकाळी. सूज असते तेव्हाचं माप पाहिजे म्हणती ती."

"दर काय?" मी विचारलं.

"बाई, दर लिहून देते," मधली म्हणाली. "वेणीचा वेगळा, मापाचा वेगळा."

"अगं, मी तुझी शाळेतली बाई!"

"म्हणून तर मापाचे निम्मे लावलेत. वेणीचे पूर्ण. ते मावशींचे आहेत."